रुजवात

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आहे बँकेच्या हिशेबाची जुळवणी. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात ‘बँक जुळवणी पत्रक’ नावाचा धडा असतो ना, तोच. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला. हिशेबाचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण आमच्या ह्यांचं पाइप आणि मोटारपंपांचं छोटं दुकान होतं आणि १९७६ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं दुकानाची बँकेची वही मी लिहिली. आधी मुलांच्या वह्या तपासायच्या आणि मग ही एक. घरातल्यांना हे ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगितलं.

आता दुकान मुलगा बघतो. संगणक आहे, हिशेबाची प्रणाली आहे. २०२४ सालच्या उन्हाळ्यात त्याने मला कौतुकाने दाखवलं. बँकेच्या संकेतस्थळावरून महिन्याचा उतारा फाइल म्हणून उतरवून घेतला, प्रणालीत टाकला, आणि पडद्यावर सगळ्या ओळी जुळून आल्या. फरक शून्य. “आई, तुला दोन रात्री लागायच्या, मला चार मिनिटं!” मला खरंच आनंद झाला. त्या शून्यासाठी मी किती रात्री जागले आहे ते माझं मला माहीत.

पण त्याच शून्यामुळे दिवाळीच्या तोंडावर आमच्या दारात एका भल्या माणसाला खोटं पडावं लागलं. ती हकीकत पुढे सांगते. आधी थोडा इतिहास, कारण मास्तरणीला त्याशिवाय बोलता येत नाही.

‘रुजवात’ हा शब्द हल्ली आपण ‘सुरुवात’ किंवा ‘रुजवणूक’ अशा अर्थाने वापरतो. “नव्या परंपरेची रुजवात झाली” वगैरे. मूळ अर्थ तो नाही. रुजवात म्हणजे हिशेब किंवा कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहणं. वादी-प्रतिवादींना समोरासमोर आणून त्यांचं म्हणणं पडताळणं हीसुद्धा रुजवातच. मला या दोन अर्थांचा शेजार फार आवडतो. हिशेब जुळवायचा म्हणजे दोन साक्षीदार समोरासमोर उभे करायचे आणि दोघांनी एकमेकांना न विचारता काय सांगितलं ते बघायचं. दोघांचं बोलणं आधीच ठरलेलं असेल, तर त्या साक्षीला काय अर्थ?

पेशवाईतल्या कारभाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. परगण्याचा मामलतदार वसुली करी, पण त्याच्या बरोबरीने फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार असे दरखदार नेमलेले असत. त्यांना परस्पर काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. शिवाय मामलतदाराचा हिशेब तपासताना देशमुख-देशपांड्यांकडचा वेगळा हिशेब शेजारी ठेवला जाई. देशमुख-देशपांडे गावकीतले, वतनदार. मामलतदार सरकारचा, बदलून जाणारा. दोघांचे हितसंबंध वेगळे, लेखण्या वेगळ्या. म्हणून दोघांचे आकडे जुळले तर त्यावर विश्वास ठेवता येई. लबाडी होतच नसे असं नाही, पण ती करायला दोघांना एकत्र यावं लागे.

हीच युक्ती इंग्लंडात लाकडावर केलेली होती. तिथल्या राजाच्या खजिन्यात मध्ययुगापासून हिशेबाच्या काठ्या वापरत. काठीवर रकमेप्रमाणे आडव्या खाचा पाडायच्या आणि मग काठी उभी चिरायची. एक फाळका देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही फाळक्यांवर त्याच खाचा. हिशेबाच्या दिवशी दोन फाळकी एकमेकांना लावून बघायची. कुणी आपल्या फाळक्यावर जास्तीची खाच पाडली असेल तर ती लगेच उघडी पडे. या काठीचं इंग्रजी नाव ‘टॅली’. ही पद्धत १८२६ साली बंद झाली आणि १८३४ साली साठलेल्या जुन्या काठ्या लंडनच्या संसदभवनातल्या भट्ट्यांमध्ये जाळताना आग भडकून जुनं संसदभवनच भस्मसात झालं! आज आपल्याकडे गल्लोगल्ली हिशेबासाठी जी ‘टॅली’ प्रणाली वापरतात तिच्या नावात या काठीचा शब्द आहे.

लुका पाचोली नावाचा एक इटालियन जोगी गणिताचा शिक्षक होता. (शिक्षक म्हटला की मला तो आपला वाटतो.) १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात त्याने व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदपद्धत समजावून सांगितली. वह्या बंद करण्यापूर्वी रोजकीर्द आणि खतावणी ताडून कशी बघायची तेही सांगितलं. मदतीला दुसरा माणूस घ्यायचा. एकाने कीर्दीतून वाचायचं, दुसऱ्याने खतावणीत शोधायचं आणि सापडलेल्या प्रत्येक रकमेपुढे खूण करायची. शेवटी जिच्यापुढे खूण नाही, ती रक्कम चौकशीची. आम्ही नवरा-बायको रात्री दहाला हेच करत होतो. हे पासबुक वाचायचे, मी वहीत लाल पेन्सिलीने टिंब द्यायची. पाचोलीचं नावही तेव्हा मला माहीत नव्हतं.

आमच्यासारख्या लहान दुकानदारांचा बँकेशी संबंध आला तो मुख्यतः १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर. तालुक्याच्या गावांत शाखा निघाल्या. त्याआधी व्यवहार रोखीने नाहीतर उधारीने. बँक आली आणि घरात वहीच्या जोडीला पासबुक आलं, म्हणजे काठीचं दुसरं फाळकं आलं.

ज्यांना याची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. आपली वही आणि पासबुक बहुतेक वेळा जुळत नाहीत, आणि त्यात कुणाची चूक असतेच असं नाही. समजा, माझ्या वहीप्रमाणे बँकेत १२,००० रुपये आहेत. कंपनीला ५,००० चा चेक टपालाने पाठवला, मी तो वहीत लगेच वजा केला, पण कंपनीने अजून भरलेला नाही. गिऱ्हाइकाचा १,६०० चा चेक मी भरला, वहीत जमा केला, पण तो अजून वटलेला नाही. बँकेने १०० रुपये आकार कापला, तो मला पासबुक भरून आणेपर्यंत कळलाच नाही. तर १२,००० अधिक ५,०००, वजा १,६००, वजा १००. पासबुकात १५,३०० दिसले पाहिजेत. दिसले, की झोपायला मोकळे. एवढंच ते जुळवणी पत्रक. फक्त बँकेचं जमा-नावे आपल्या उलट असतं, कारण आपल्या वहीत बँक आपली देणेकरी आणि बँकेच्या वहीत आपण तिचे घेणेकरी. हे मला समजायलाच सहा महिने लागले होते.

आणि जुळलं नाही तर? शाळेत आपण गणिताचा ताळा करायचो, आठवतं? आकड्यातल्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. ताळा चांगला, पण त्याला एक गोष्ट कळत नाही. अंकांची अदलाबदल झाली तर ताळा तोच येतो. एकदा माझा २,७०० रुपयांचा फरक चार दिवस सापडेना. हे म्हणाले, नवाने भागून बघ. भाग गेला! दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला हमखास नवाने भाग जातो. मग त्याच नजरेने वही चाळली आणि सापडलं. ४,७०० चे मी ७,४०० लिहिले होते. दोन्हींची बेरीज अकरा, ताळा दोन. वर्षभर एकटी ताळा करत बसले असते तरी सापडलं नसतं. पासबुक दुसऱ्या माणसाने लिहिलेलं होतं म्हणून सापडलं.

वही आणि पासबुक यांच्यातलं बहुतेक अंतर कागदाच्या प्रवासाचं होतं. चेक हा कागद, तो एका बँकेतून दुसरीकडे जायला हवा. लंडनमध्ये अठराव्या शतकात बँकांचे कारकून चेक घेऊन दारोदार फिरत. मग त्यांनी एका ठिकाणी जमून आपापसात चेक बदलायला सुरुवात केली, तेच पुढे समाशोधन गृह झालं. आपल्याकडे १९८० च्या दशकात चेकच्या तळाशी चुंबकीय शाईचे आकडे आले आणि मोठ्या शहरांत यंत्रं चेक वेगळे करू लागली. २००८ साली दिल्लीत चेकचं नुसतं चित्र पाठवायला सुरुवात झाली, मुंबईत ते २०१३ साली आलं. कागदाचा प्रवास संपला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर भरलेला चेक काही तासांत वटावा अशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने सुरू केली. आम्ही बाहेरगावच्या चेकसाठी पंधरा-पंधरा दिवस थांबत होतो!

चेकखेरीजचे मार्गही झाले. २००४ साली आरटीजीएस, २००५ साली एनईएफटी, २०१६ साली यूपीआय. मला वाटलं होतं, पैसे ताबडतोब जाऊ लागले की वही आणि बँक यांत अंतरच उरणार नाही, जुळवणीची गरज संपेल. झालं उलटंच. पूर्वी आमच्या पासबुकात महिन्याला पंचवीस-तीस नोंदी असायच्या. आता गल्ल्यावरच्या चौकोनी चित्रावर मोबाइल धरून कुणी नळाच्या वॉशरचेही वीस रुपये बँकेत टाकतो. कार्डाच्या यंत्राचे पैसे दिवसभराचे एकत्र आणि आकार कापून येतात, म्हणजे दहा बिलांची एक रक्कम आणि तीही बेरजेशी न जुळणारी. लाल पेन्सिल आता पुरणार नाही, हे मला मान्य आहे.

त्यासाठी संगणक आला. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास ‘क्विकन’ नावाची प्रणाली निघाली. तिचं काम घरच्या चेकबुकाचा हिशेब ठेवणं. पुढे १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून ‘ओएफएक्स’ नावाची एक मांडणी ठरवली. बँकेने आपला उतारा कोणत्या स्वरूपात द्यायचा म्हणजे कुठलीही प्रणाली तो वाचू शकेल, याचे ते नियम. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. बँक प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा वेगळा क्रमांक देते. त्यामुळे तीच फाइल चुकून दोनदा टाकली तरी रकमा दुप्पट होत नाहीत. पाचोलीच्या खुणेचंच हे रूप.

आपल्याकडची टॅलीची गोष्ट घरगुती आहे. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना माल पुरवण्याचा व्यवसाय करत. हिशेबासाठी मनासारखी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भारत गोएंकांना, ती लिहायला सांगितलं. १९८६ साली बंगळूरला ही कंपनी सुरू झाली. भारत गोएंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली. टॅलीच्या जुळवणीच्या पडद्यावर खाली तीन ओळी असतात: वहीप्रमाणे शिल्लक, बँकेत न दिसणाऱ्या रकमा, बँकेप्रमाणे शिल्लक. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर याच तीन ओळी असायच्या. आधी प्रत्येक नोंदीपुढे बँकेची तारीख हाताने भरावी लागे. नंतर बँकेची फाइल घेऊन प्रणाली स्वतःच रक्कम, चेकचा क्रमांक, तारीख पाहून जोड्या लावू लागली. ज्यांची जोडी लागत नाही त्या ओळी वेगळ्या काढून ठेवते. हे चांगलंच आहे.

आता आमच्या दुकानात काय झालं ते सांगते.

आमच्याकडे नियमित माल नेणारा एक ठेकेदार आहे. माझा विद्यार्थी, आज पन्नाशी ओलांडलेला. त्याच्याकडे अडतीस हजार पाचशे येणे दिसत होते. ऑक्टोबरात मुलाने त्याला फोन केला. तो म्हणाला, जुलैतच चेक दिलाय. मुलाने संगणक पाहिला. चेकची नोंद नाही, बँकेत रक्कम नाही, जुळवणीत फरक शून्य. “काका, आमचा हिशेब पैशापैशाला जुळलेला आहे. चेक आलेला नाही.” तो दुकानात आला, चार गिऱ्हाइकांसमोर बोलाचाली झाली, आणि “म्हणजे मी खोटं बोलतोय?” एवढं म्हणून निघून गेला. मी आत होते. मीही मुलाचीच बाजू घेतली, कारण शून्यावर माझा विश्वास होता.

आठ दिवसांनी लक्ष्मीपूजनासाठी दुकानाची झाडलोट करताना जुलैच्या बिलबुकात तो चेक सापडला. दुकानातल्या पोऱ्याने घेऊन पानात ठेवला होता, आणि तिथेच राहिला. तारीख जुलैची. २०१२ पासून चेकची मुदत तीनच महिने, ती संपून गेली होती.

रात्रभर मला एकच प्रश्न. हे आम्हाला आधी कसं कळलं नाही? सकाळी मुलाला विचारलं, नोंदी कधी करतोस? तेव्हा उलगडा झाला. पैसे आले-गेले की वेगळी नोंद करणं त्याने सोडून दिलं होतं. बँकेची फाइल टाकली की तिच्यावरूनच नोंदी तयार करून घ्यायचा. मग त्या नोंदी बँकेशी जुळवायच्या. जुळणारच! बँकेचाच उतारा बँकेच्याच उताऱ्याशी ताडलेला. काठी न चिरता दोन्ही टोकं आपल्याच हातात धरून खाचा जुळल्या म्हणायचं. आमच्याकडे साक्षीदार एकच उरला होता, आणि जो चेक बँकेत गेलाच नाही त्याच्याविषयी त्या साक्षीदाराला काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं.

असंच दिलेल्या चेकचं. कंपनीला चेक दिला आणि तिने तो भरला नाही, तर फाइलीत त्याचा पत्ता नसतो. मग पडद्यावरची शिल्लक खरी वाटते, आणि आपण दुसरा चेक लिहून मोकळे होतो.

दोष प्रणालीचा नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. तिने सांगितलेलं काम बिनचूक केलं. चूक आमची होती. दोन रात्रींचं काम चार मिनिटांवर आलं याच्या आनंदात त्या दोन रात्रींत आपण नेमकं काय करत होतो ते आम्ही विसरलो. जुळलेल्या ओळींना तेव्हाही फारसा वेळ लागत नसे. वेळ जाई न जुळलेल्या दोन-चार ओळींना. हा चेक दिला पण वटला का नाही, याला फोन कर, त्याला विचार. जुळवणीतून जे कळायचं ते त्या ओळींतूनच कळायचं.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. मुलाने माफी मागितली, मीही मागितली. मास्तरणीने विद्यार्थ्यापुढे हात जोडले की तो बिचारा कासावीस होतो. “बाई, असं करू नका” म्हणत त्याने आत जाऊन चेकबुक आणलं. लिहिता लिहिता थांबला आणि हसला. म्हणाला, “बाई, माझ्याही खात्यातून तीन महिने हे पैसे गेलेले नव्हते. मी तरी कुठे बघितलं?” आपला चेक वटला नाही हे त्याच्या वहीतूनही त्याला कळायला हवं होतं. पण मोबाइलवर शिल्लक दिसते, मग वही कोण लिहितो?

त्या दिवसापासून दुकानात नियम केला आहे. चेक हातात आला की आधी नोंद, मग गल्ल्यात. चेक दिला की त्याच मिनिटाला नोंद. यूपीआयच्या किरकोळ विक्रीची नोंद रोज संध्याकाळी बिलांच्या बेरजेवरून करायची, बँकेवरून नाही. फाइल त्यानंतर टाकायची. बँकेचा आकार, व्याज अशा ज्या गोष्टी खरोखर बँकेकडूनच कळतात, तेवढ्याच फाइलीवरून घ्यायच्या. आणि महिनाअखेरीला न जुळलेल्या ओळींची यादी छापून मला आणून द्यायची.

ती यादी आता माझ्याकडे येते. पहिल्या महिन्यात नऊ ओळी होत्या. मुलगा ओशाळून म्हणाला, “आई, फरक राहिलाय.” मी म्हटलं, राहू दे, बस इथे. तो वाचत गेला आणि मी लाल पेन्सिलीने टिंब देत गेले. सात ओळींचा उलगडा तासाभरात झाला. एका कंपनीने आमचा चेक भरलाच नव्हता, तिला फोन केला. एक अडीचशेची रक्कम मात्र कुणाची ते कळेना. ती दोन महिन्यांनी कळली. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या नातवाने आजोबांची जुनी उधारी न सांगता मोबाइलवरून फेडली होती.

असो. लांबलं बरंच. तुमच्यापैकी कुणाचं दुकान असेल, दवाखाना असेल, सोसायटीचा हिशेब गळ्यात पडलेला असेल, तर आज एकदा बघा. तुमची वही कोण लिहितं? तुम्ही, की बँक?